अडकित्ता माझ्यापुढे होता

माझ्या पुतणीला बघायला पाहुणे आले होते, तेव्हा पोह्यांच्या बशा बाहेर यायच्या आतच मी सगळ्यांसमोर सांगून टाकलं, "आम्हाला मुलगी पसंत आहे." मुलगी आमचीच होती.

आत कढईत मोहरी तडतडली, ती बाहेर सगळ्यांनी ऐकली. मुलाचे वडील भले गृहस्थ. म्हणाले, "चला, आमचं एक काम हलकं झालं." माझ्या थोरल्या भावाने मात्र पुढचे चार महिने माझ्याशी बोलताना प्रत्येक वाक्याच्या शेवटी 'तू आता गप्प बस' हे जोडलं. (लग्न तिथेच जमलं आणि उत्तम चाललंय. हे कुणी लक्षात घेत नाही.)

हा माझा जुना दोष आहे. समोरच्याचं वाक्य अर्धवट असताना मी ते पूर्ण करतो, आणि बहुधा चुकीचं करतो. पिरंगुटच्या कारखान्यात मी स्टोअर्स सांभाळतो. तिथे तपासणी खात्यातल्या एका साहेबांनी 'नमस्कार' म्हणायच्या आधी मी त्यांना कुठलं यंत्र बंद आहे ते सांगून मोकळा झालो होतो. ते चहा प्यायला आले होते. शब्द बाहेर पडेपर्यंत मला चैन पडत नाही, आणि पडला की त्याची सारवासारव सुरू होते, ती आणखी वाईट.

अशा माणसाने ब्रिजच्या वाटेला जाऊ नये.

ब्रिज हा पत्त्यांचा, चौघांचा खेळ. समोरासमोर बसतात ते एकमेकांचे भिडू. पत्ते वाटून झाले की आधी बोली लागते, म्हणजे आमची जोडी इतके हात करेल आणि अमका रंग हुकूम असेल, असं सांगायचं. ज्याने पत्ते वाटले तो पहिला बोलतो, मग त्याच्या डावीकडचा, मग त्याच्या डावीकडचा. बोलायचं नसेल तर 'पास' म्हणायचं. एवढंच. बाकीची कामं, म्हणजे पत्ते लक्षात ठेवणं, भिडूचा हात ओळखणं, मला बऱ्यापैकी जमतात. मला जमत नाही ते आपला नंबर येईपर्यंत थांबणं. आणि ब्रिजमध्ये नेमका त्यालाच कायदा आहे. साधा नव्हे, कलमं आणि पोटकलमं असलेला!

हा कायदा आमच्या आयुष्यात आणला अण्णांनी. अण्णा म्हणजे आमचे घरमालक. माणहून घोटावड्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर त्यांची तीन मजली इमारत आहे, आणि तिच्या दुसऱ्या मजल्यावर आम्ही नवराबायको अकरा वर्षं भाड्याने राहतोय. इमारत उभी आहे तिथे पूर्वी त्यांचं भाताचं खाचर होतं. उरलेल्या जमिनीतल्या एका बांधावरून त्यांची आणि चुलतभावाची केस सव्वीस वर्षं चालली. तारखेला अण्णा सकाळी पुण्याला जायचे आणि दिवसभर कोर्टाच्या आवारात बसून राहायचे. त्यांच्या वकिलांना ब्रिजचं वेड होतं. वकिलांच्या खोलीत डाव मांडला की चौथा गडी नेहमी कमी पडायचा. अण्णा मेंढीकोटात पटाईत होतेच. त्यांना बसवलं. पुढे केस चुलतभाव जिंकला. अण्णा ब्रिज घेऊन घरी आले.

सोबत एक लांबडी वहीही आणली. वकिलांनी ब्रिजचा कायदा मराठीत उतरवून स्वतःच्या हाताने त्यांना लिहून दिला होता. सव्वीस वर्षं ज्या माणसाला कोर्टाने एकाही कलमाचा फायदा दिला नाही, त्याने ती वही तोंडपाठ केली. आता दर रविवारी दुपारी गच्चीवरच्या पत्र्याच्या शेडमध्ये डाव बसतो. खेळतात भाडेकरू, शेजारपाजारचे आणि काकू, म्हणजे अण्णांच्या पत्नी. अण्णा स्वतः खेळत नाहीत. ते पंच. हात पाठीमागे बांधून टेबलाभोवती फिरतात आणि कुणी चुकायची वाट बघतात.

माझ्यामुळे त्यांना फार वाट बघावी लागत नाही.

खरं तर माझा त्या टेबलाशी संबंध यायचं कारण नव्हतं. खेळते ती माझी बायको, वंदना. चार वर्षांपूर्वी काकूंनी तिला शिकवलं आणि वर्षभरात ती काकूंच्या तोडीची झाली. तिची भिडू होती समोरच्या इमारतीतल्या कुलकर्णीबाई. त्या मुलीच्या बाळंतपणाला सहा महिन्यांसाठी परदेशी गेल्या, आणि नेमकं त्याच सुमारास पुण्यातल्या एका क्लबाने नवख्या खेळाडूंसाठी शनिवार-रविवार अशी दोन दिवसांची स्पर्धा जाहीर केली. वकीलसाहेबांनी अण्णांना निरोप धाडला, तुमच्या गच्चीवरून एक जोडी पाठवा. एकच.

त्या दिवशी वंदना भाजी निवडत बसली होती. निवडलेली मेथी आणि टाकायच्या काड्या तिने एकाच पातेल्यात टाकल्या, तेव्हा मला कळलं की काहीतरी मोठं आहे. मी खोदून विचारलं. तिने जे सांगितलं ते मला चोवीस वर्षांत माहीत नव्हतं. कॉलेजात असताना तिची जिल्ह्याच्या खो-खो संघात निवड झाली होती. यादीत नाव लागलं होतं. सामने ज्या आठवड्यात होते, त्याच आठवड्यात आमचं लग्न निघालं. म्हणजे निघालं नव्हतं. बैठकीत थोरली माणसं दोन मुहूर्तांवर खल करत होती, एक अलीकडचा, एक दीड महिन्यानंतरचा, आणि कोपऱ्यात गप्प बसायला सांगितलेला नवरामुलगा मधेच म्हणाला होता, "अलीकडचाच धरा."

तो मीच. सगळे हसले होते. नवरामुलाला किती घाई म्हणून माझ्या मामांनी तो किस्सा पुढे प्रत्येक लग्नात सांगितला. वंदना कधी हसली नव्हती हे मला त्या दिवशी मेथीसमोर बसून आठवलं.

ती म्हणाली, तक्रार नाही, पण एकदा तरी कुठेतरी आपलं नाव निवडून लागावं आणि आपण खरंच तिथे जाऊन खेळावं, एवढं वाटतं. मी तिचं वाक्य पूर्ण व्हायच्या आत म्हणालो की कुलकर्णीबाईंच्या जागी मी बसतो. तिच्या चेहऱ्यावर जे आलं त्याला आनंद म्हणता येणार नाही.

पहिल्याच रविवारी मी वंदनाच्या आधी 'पास' म्हणून बसलो. अण्णा लगेच हजर. दुसऱ्या रविवारी काकूंच्या आधी बोललो. तिसऱ्या रविवारी मी अण्णांशी वाद घातला. जत्रेत मानाच्या नारळाचा लिलाव होतो, तिथे कुणीही केव्हाही बोली लावतं, मग इथेच एवढं सोवळं का?

"म्हनून तर तितं हानामारी हुती," अण्णा म्हणाले, आणि वही उघडली.

शेवटी वंदनाने उपाय काढला. टेबलावर बसलं की तोंडात सुपारीचं खांड ठेवायचं. जोवर खांड आहे तोवर तोंड उघडायचं नाही. आपला नंबर आला की ते गालात सारायचं, मोजके शब्द बोलायचे आणि परत चघळायला लागायचं. उपाय जालीम होता. सुपारीच्या जोरावर मी सलग पाच रविवार वेळेवर बोललो, आणि निवडीच्या सामन्यांत बाकीच्या जोड्या गळत गळत शेवटच्या सामन्याला दोनच उरल्या. आम्ही, आणि काकू व सुमित.

सुमित पहिल्या मजल्यावर राहतो, मूळचा अकोल्याचा. हिंजवडीतल्या एका कंपनीत कॉम्प्युटरचं काहीतरी करतो. अतिशय सालस. जिन्यात समोरून कुणी आलं तर तो एक मजला परत खाली उतरतो. काकूंना भिडू हवा होता आणि याला थालीपीठ, म्हणून तो खेळात आला. त्याचं पहिल्यापासून एकच पालुपद, "काकू, आपण जिंकलो तर प्रॉब्लेम आहे ना. शनिवारी माझा सपोर्ट असते." (सपोर्ट म्हणजे कंपनीची सुट्टीच्या दिवसाची ड्युटी.) काकू म्हणायच्या, आधी जितून तर दे, मग बघू.

सामना सोळा डावांचा. त्या रविवारी मी सकाळपासून चार वेळा जिना चढून गच्चीचं दार उघडं आहे का ते बघून आलो. (दार नाहीच. पत्रा आहे.) डाव सुरू झाला तेव्हा टेबल हलतंय म्हणून काकूंनी त्याच्या पायाखाली दोनदा कागदाची घडी घातली. टेबल ठीक होतं. हलत होता माझा पाय.

आता त्या अडकित्त्याबद्दल सांगायला हवं. वाटणारा कोण, म्हणजेच पहिलं बोलायचं कुणी, याबद्दल घोळ नको म्हणून अण्णांनी एक पद्धत घातली होती. ज्याची वाटायची बारी, त्याच्यापुढे काकूंचा पितळी अडकित्ता ठेवायचा. डाव संपला की अडकित्ता डावीकडे सरकवायचा. त्यामुळे पत्त्यांतून डोकं वर काढलं की नजर आधी अडकित्त्यावर जाते. गच्चीवर सगळ्यांना ती सवय लागली होती. मला तर विशेष.

पंधरा डाव झाले. आम्ही तीनशे गुणांनी मागे होतो. ब्रिजमध्ये हे काही नाही, एका चांगल्या डावात भरून निघतं. सोळावा डाव वाटायची बारी सुमितची. तो माझ्या उजव्या हाताला. अडकित्ता त्याच्यापुढे. त्याने पत्ते वाटले, सगळ्यांनी उचलले, आणि माझ्या लक्षात आलं की तोंडातली सुपारी संपली आहे. नेमकी आत्ता! उपाय चुकवायचा नाही म्हणून मी घाईघाईने सुमितच्या पुढ्यातला अडकित्ता घेतला, डबीतली सुपारी काढली, एक खांड कातरून तोंडात टाकलं, आणि अडकित्ता खाली ठेवला. माझ्यापुढे.

मग पत्ते लावले. मोठ्या पानांचे बारा गुण (एक्क्याचे चार, राजाचे तीन, राणीचे दोन, गुलामाचा एक). चौकटचा एक्का, राजा, गुलाम आणि आणखी दोन. सुरेख. मी मान वर केली. अडकित्ता माझ्यासमोर. म्हणजे मीच पहिला बोलणार. खांड गालात सारलं.

"एक चौकट."

वंदनाने डोळे मिटले. पाठीमागे अण्णांची पावलं थांबल्याचं मला ऐकू आलं.

"साहेब," अण्णा म्हणाले, "वाटलं कुनी?"

मी अडकित्त्याकडे बोट दाखवलं. अडकित्ता माझ्यापुढे होता, हा माझा पूर्ण बचाव. अण्णांनी अडकित्ता उचलून खिशात घातला.

"पत्ते अडकित्त्यानं न्हाई वाटले. सुमितनं वाटले."

वही उघडली गेली. अण्णांनी चष्मा पुसला. मला वाटतं, सव्वीस वर्षं न्यायाधीशांकडे बघून त्यांनी जे जे शिकून ठेवलं होतं ते सगळं त्यांनी त्या दुपारी वापरलं. आधी त्यांनी आजूबाजूला बघून शांतता आहे याची खात्री केली. ती होतीच.

मग त्यांनी सांगितलं ते असं. कलम एकोणतीस. अवेळी बोलणाऱ्याच्या डावीकडे बसलेल्या गड्याला पहिला हक्क. त्याच्या मनात असेल तर ती बोली चालवून घेऊन त्याने पुढची बोली लावायची; मग गुन्हा माफ, दंड नाही. माझ्या डावीकडे काकू होत्या. मी काकूंकडे अकरा वर्षांच्या शेजाराने बघितलं. काकू पत्त्यांवरून नजर न काढता म्हणाल्या, "मी कशापायी चालवून घिऊ?"

बोली रद्द. आता कलम एकतीस. बोलायचा हक्क परत सुमितकडे. सुमित जर 'पास' म्हणाला, तर मी माझी तीच 'एक चौकट' पुन्हा बोलायची, आणि झालं गेलं विसरायचं. पण सुमितने जर बोली लावली, तर मला काय हवं ते बोलायची मोकळीक. मात्र माझी नवी बोली पहिलीशी अर्थाने जुळणारी नसली, तर तिच्या नंतरच्या खेपेला माझ्या भिडूने 'पास'च म्हणायचं. हातात काहीही असो.

"म्हंजी गुन्हा साहेबांचा," अण्णा वही मिटत म्हणाले, "आन तोंड बंद वैनींचं. कायदाच तसा हाय."

मी वंदनाकडे बघितलं. अण्णांनी मला सांगितलं की भिडूच्या तोंडाकडे बघून काही समजून घेणं हाही गुन्हाच. तशीही तिच्या चेहऱ्यावर काही लिहिलेलं नव्हतं. ती दोरीवर वाळत घातलेल्या चादरीकडे बघत होती.

आता सगळं सुमितवर. मला खरं सांगायचं तर काळजी वाटली नाही. बारा गुण माझ्याकडे, त्यामुळे त्याच्याकडे फार काही नसणार, आणि हा तर जिन्यात वाट सोडणारा मुलगा. तो 'पास' म्हणेल, मी 'एक चौकट' म्हणेन. सुमित विचारात पडला. त्याने पत्ते मिटले, उघडले. काकूंकडे बघितलं नाही (तो कायदा पाळतो). आणि मग घसा साफ करून, अगदी दिलगिरीच्या सुरात म्हणाला,

"एक चौकट."

माझीच चौकट! जुळणारी बोली लावायला मला एकच रंग होता, आणि तो त्याने माझ्या ताटातून उचलून नेला. नंतर कळलं की त्याच्या हातात चौकटची तीन फुटकळ पानं होती आणि एकूण हात भंगारात घालायच्या लायकीचा होता. अण्णांना विचारलं, तर ते म्हणाले, खोटी बोली लावायला कायद्याने बंदी नाही. भिडूशी आधी ठरवलेलं नसलं म्हणजे झालं. कायदा मोठ्याने वाचून दाखवण्याचा हा तोटा आहे. साधी माणसं तो ऐकतात.

आता माझा नंबर होता. खराखुरा, कायदेशीर, अण्णांनी जाहीर केलेला. मी काहीही बोललो तरी वंदनाने या खेपेला 'पास' म्हणायचं, म्हणजे मी जे बोलेन तेच बहुधा आमच्या जोडीचं शेवटचं बोलणं. आयुष्यात पहिल्यांदा सगळेजण मी बोलायची वाट बघत होते.

आणि मला बोलता येईना.

मला गच्चीवरून खाली उडी मारून पुन्हा जिन्याने वर यावंसं वाटलं. पाय हलू लागला. काकूंनी यावेळी कागद न शोधता सरळ माझ्या गुडघ्यावर पत्त्यांचं पाकीट आपटलं. मोठी बोली लावावी, तर वंदनाच्या हातात काहीच नसलं तर? लहान लावावी, तर तिच्या हातात खूप असलं तर? पुतणी आठवली, तपासणीचे साहेब आठवले, तो अलीकडचा मुहूर्त आठवला. आजवर जिथे जिथे बोललो तिथे तिथे बोलल्यामुळे बिघडलं. मग एकदम डोक्यात लख्ख उजेड पडला. शहाणा माणूस काय करेल? शहाणा माणूस गप्प बसेल! मी पाठ ताठ केली, खांड गालात सारलं आणि अत्यंत समंजसपणे म्हणालो,

"पास."

काकूंनी तो शब्द दाराशीच ठेवला असावा, इतक्या पटकन त्या 'पास' म्हणाल्या. अण्णा वंदनाच्या मागे जाऊन उभे राहिले. तिचे पत्ते दिसताच त्यांनी क्षणभर चष्मा काढला आणि पुन्हा घातला.

"वैनी, तुमाला पास म्हनावं लागतंय," ते जरा हळू आवाजात म्हणाले.

"पास," वंदना म्हणाली. दूधवाल्याला 'आज अर्धा लिटरच' सांगावं, तशी.

सुमितची एक चौकट कायम झाली. ब्रिजमध्ये बोली सहा हातांच्या वर मोजतात, म्हणजे आता त्याने सात हात करायचे आणि आम्ही ते होऊ द्यायचे नाहीत. पहिलं पान टाकायचा मान माझा होता. मी बदाम टाकला, आणि वेळेवर टाकला. त्या दुपारची माझी एकमेव कायदेशीर कृती. वंदनाने एक्क्याने तो हात घेतला आणि पुढचं पान काढायला बोटं नेली, एवढ्यात अण्णा म्हणाले, थांबा. दंड अजून संपलेला नव्हता. पोटकलम होतं. गुन्हेगाराच्या भिडूवर नव्या हाताचं पहिलं पान टाकायची पाळी पहिल्यांदा आली की समोरचा त्याला एक रंग बंद करू शकतो. सुमितने दिलगिरीने इस्पिक बंद केलं. बायकोचं तोंड मी बंद केलंच होतं, आता हातही बांधून दिले.

मग पानामागून पान पडत गेलं आणि वंदनाचा हात उलगडू लागला. इस्पिकचा एक्का. राजा. राणी. त्यांच्यामागे इस्पिकची आणखी चार. बदामचा एक्का आणि राजा. किलवरचा एक्का. वीस गुण! चार वर्षं दर रविवारी खेळून आजवर तिला एवढा हात आला नव्हता. आम्हा दोघांचे मिळून बत्तीस. बारा-तेरा हात करण्याची बोली लावता आली असती. तशी बोली लावून जिंकलो असतो तर सुमित, काकू, पुण्याचा क्लब, सगळं मागे पडलं असतं. त्याऐवजी आम्ही सुमितला सातापैकी दोनच हात करू दिले. पाच हात कमी पडल्याचे आम्हाला अडीचशे गुण मिळाले.

तीनशेनं मागे होतो. पन्नासनं हरलो.

अण्णांनी बेरीज दोनदा केली. मग माझ्याजवळ येऊन, जमिनीची केस हरलेल्या माणसाच्याच जिव्हाळ्याने म्हणाले,

"साहेब, निस्तं 'डबल' म्हनला असता, तरी जितला असता."

'डबल' म्हणजे समोरच्याला बजावणं, की तुझे एवढे हात होत नाहीत. तसं म्हटलं की हरलेल्याचा दंड कितीतरी पटींनी वाढतो. वंदनाचा 'पास' त्यावरही चालला असता. अडीचशेचे अकराशे झाले असते. एक शब्द! मी, ज्याने जन्मभर फुकट शब्द वाटले, तो एका शब्दाला महाग झालो. तेवढ्यात माझ्याकडून ते सुपारीचं खांडही गिळलं गेलं. मी खोकत होतो म्हणून पुढचं थोडं मला नीट दिसलं नाही.

काकू उठल्या नव्हत्या. त्यांनी वंदनाचे पत्ते आपल्याकडे ओढले, पंख्यासारखे पसरले, आणि बराच वेळ बघत राहिल्या. मग सुमितला विचारलं, शनिवारी काय म्हणत होतास? सुमितने पुन्हा सपोर्टचं सांगितलं. सुट्टी मिळणार नाही, मॅनेजरला विचारूनही झालं, आणि मुळात त्याला वाटलं होतं की आपण हरू. तो इतक्या कळकळीने बोलत होता की जिंकल्याबद्दल माफी मागतोय असं वाटावं.

"मंग तू ऱ्हा घरी," काकू म्हणाल्या. आणि वंदनाकडे वळल्या. "येवढा हात घिऊन बसलीस, आन हे पास म्हनाले तवा तुझ्या तोंडावरची रेघ हालली न्हाई. मी लई भिडू बगितले. आमचं ह्ये तर नुसता एक्का आला तरी मिशीला हात लावत्यात." (अण्णांचा हात मिशीवर होता. त्यांनी तो खाली घेतला.) "माझ्यासंगं येतीस का पुन्याला?"

"येईल की, न यायला काय झालं—" हे मी म्हणालो.

काकूंनी माझ्याकडे सावकाश मान वळवली. अण्णांनी वहीही उघडली नाही.

"बोली रद्द," ते म्हणाले. "वैनी, तुमी बोला."

वंदनाने आधी ओढणी खांद्यावर नीट घेतली. मला वाटतं, हातात मोकळा वेळ असणं कसं लागतं ते ती बघत होती. मग म्हणाली, "येते."

काकूंनी अण्णांना कोपरखळी मारून वकिलांना फोन लावायला सांगितलं, आणि अण्णांनी फोनवर दोन्ही नावं अगदी सावकाश, सुटी सुटी सांगितली. आपलं नाव ऐकताना वंदनाने पत्त्यांचा जोड उगीचच तीनदा सारखा केला. तोंडावरची रेघ अखेर हलली ती तेव्हा.

आम्ही खाली घरी आलो. जिन्याच्या चोवीस पायऱ्यांत मी माफीचं एक भाषण तयार केलं होतं, आणि तिने चपला काढायच्या आत सुरू केलं. सगळं बोललो. अडकित्ता माझ्यापुढे होता हे दोनदा बोललो. डबलबद्दल बोललो. खो-खोबद्दलही बोललो. ओढणीच्या टोकाला लागलेली सुपारीची भुकटी झटकत ती माझं संपायची वाट बघत राहिली. मग विचारलं, झालं का? मी म्हणालो, झालं.

"तुम्ही मधे बोलला नसता, तर आपण जिंकलो असतो," ती म्हणाली. "आणि मग मला पुण्याला तुमच्याबरोबर खेळावं लागलं असतं."